इन्सुलिन रेझिस्टन्सवरचा रेणू वनस्पतीतून कसा शोधावा: दारुहळद हाती धरून

रक्तातली साखर उतरणं वेगळं आणि इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) कमी होणं वेगळं, हे तोंडी सगळ्यांना मान्य असतं. तरी एम.फार्म.चे किंवा द्रव्यगुणातल्या (आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या अभ्यासातल्या) एम.डी.चे प्रबंध चाळायला घेतले, की पहिल्यावरून दुसरं सरळ गृहीत धरलेलं वारंवार दिसतं. साखर उतरायला पुष्कळ वाटा आहेत. स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन सोडलं, आतड्यात पिष्ट फुटायला वेळ लागला, कडूजहर अर्कामुळे उंदराने खाणंच टाकलं, किंवा यकृताला विष बाधलं आणि त्याची साखर तयार करायची ताकद गेली. चारही प्रकारांत ग्लुकोमीटरवर आकडा छान दिसतो. पण आहे त्याच इन्सुलिनला पेशी अधिक दाद देऊ लागल्या, हे यातल्या एकावरूनही सिद्ध होत नाही.

हा लेख प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे: पदव्युत्तर विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक, आणि आयुर्वेदातून संशोधनाकडे वळलेले वैद्य. घरी काढा करून प्यायची कृती इथे मिळणार नाही. उदाहरण म्हणून दारुहळद आणि तिच्यातलं बर्बेरिन घेतलं आहे, कारण या शोधात जिथे जिथे पाय घसरतो, ती जवळजवळ प्रत्येक जागा या एका रेणूने दाखवून दिली आहे.

आधी ठरवा: कुठल्या पेशीतला रेझिस्टन्स?

इन्सुलिन पेशीवरच्या ग्राहीला चिकटतं, आत आयआरएस नावाची प्रथिनं जागी होतात, तिथून संदेश पीआय३ कायनेज आणि मग एकेटी या प्रथिनापर्यंत जातो. स्नायूत आणि चरबीच्या पेशीत याचा शेवट म्हणजे ग्लूट४ हे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येणं आणि साखर आत ओढली जाणं. यकृतात शेवट वेगळा: तिथे नवी साखर तयार करण्याचं काम थांबतं. पेशीत नको तिथे चरबी साठली की तिच्यापासून होणारी डायअसिलग्लिसरॉलसारखी द्रव्यं हा संदेश मधेच अडवतात. म्हणजे 'इन्सुलिन रेझिस्टन्सवरचा रेणू' असं मोघम काही नसतं. स्नायूतला अडथळा काढणारा, यकृताला आवरणारा, चरबीच्या पेशींना पुन्हा नीट साठवायला लावणारा, असे निरनिराळे रेणू असतात. यातला कुठला शोधायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची प्रत्येक चाचणी त्यावरून ठरेल.

इथे पुण्यातल्या एका कामाची आठवण ठेवावी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडचा रेझिस्टन्स असा सडपातळ दिसणाऱ्या अंगात लपलेला असतो. त्यामुळे चरबी खाऊन गलेलठ्ठ झालेला उंदीर हा आपल्या रुग्णाचा अर्धाच प्रतिनिधी. माझं मत विचाराल तर भारतात हे काम करणाऱ्याने यकृतातल्या चरबीचं मोजमाप कधीही सोडू नये.

वनस्पतींची यादी: गाळणी आधी लावा

यादी करायला दोन दारं आहेत. पहिलं संहितांचं. चरकाने प्रमेहाचे (आयुर्वेदातल्या मधुमेहासारख्या विकारांचे) रुग्ण दोन तऱ्हेचे सांगितले: एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. आजच्या भाषेतली टाइप २ आणि टाइप १ अशी सरळ जोडी लावणं भाबडेपणाचं होईल, पण यादी गाळायला हा भेद फार उपयोगी पडतो. 'मधुमेहावर' म्हणून सांगितलेली शंभर नावं घेण्यापेक्षा स्थूल प्रमेह्याला आणि मेदाला उद्देशून सांगितलेली द्रव्यं घ्या. चरकाच्या लेखनीय महाकषायात, म्हणजे मेद खरवडून कमी करणाऱ्या द्रव्यांच्या गटात, दहा द्रव्यं येतात: मुस्ता, कुष्ठ, हरिद्रा, दारुहरिद्रा, वचा, अतिविषा, कटुरोहिणी, चित्रक, चिरबिल्व आणि हैमवती. शोधाला एवढं रान पुरे आहे.

दुसरं दार संगणकाचं. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने उभारलेल्या 'इम्पॅट' या संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत ४,०१० भारतीय औषधी वनस्पती आणि १७,९६७ रेणू आहेत, तेही वनस्पतीचा भाग धरून. पबकेम आणि केमबल हे रेणूंचे जागतिक संग्रह जोडीला आहेतच.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे एक रकाना आखा: 'साखर कशाने उतरते हे आधीच माहीत आहे का?' सप्तरंगीच्या कुळातल्या एका वेलीतलं सॅलॅसिनॉल १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी वेगळं केलं. ते आतड्यातलं पिष्ट फोडणारं अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर (एन्झाइम) अडवतं. बेडकीच्या पाल्यातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीवच बंद करतात. पाला चावून चिमूटभर साखर तोंडात टाका, वाळू चघळल्यासारखी लागेल. मेथीतलं ४-हायड्रॉक्सीआयसोल्यूसिन प्रामुख्याने इन्सुलिनचं स्रवण वाढवण्यासाठी अभ्यासलं गेलं आहे. या वनस्पती टाकाऊ आहेत असं नाही. फक्त यांच्यापासून सुरुवात केली, तर साखर उतरण्याचं श्रेय कुठल्या वाटेला द्यायचं, हे सोडवण्यातच वर्ष जाईल.

डॉकिंगबद्दल, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल हे संगणकावर अजमावण्याबद्दल, थोडक्यात. ऑटोडॉक व्हिना या प्रणालीवर शंभर रेणू पीटीपी१बी या इन्सुलिनचा संदेश विझवणाऱ्या प्रथिनात बसवून गुणांचा तक्ता काढता येतो, आणि हल्ली 'नेटवर्क फार्माकॉलॉजी'च्या नावाखाली तेवढ्यावर शोधनिबंधही होतात. पीटीपी१बीची मुख्य खाच धनभारित आहे, त्यामुळे कुठलंही आम्ल तिथे झकास बसतं. डॉकिंगने यादी लहान करावी. निष्कर्ष काढू नये.

बाजारातला पिवळा तुकडा म्हणजे दारुहळद नव्हे

या पायरीला सगळ्यात कमी वेळ दिला जातो, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. खरी दारुहळद म्हणजे बर्बेरिस अरिस्टाटा, हिमालयातलं काटेरी झुडूप. काष्ठौषधींच्या दुकानात 'दारुहळद' मागितली की जे पिवळं लाकूड हातात पडतं, ते पुष्कळदा दक्षिणेकडच्या सह्याद्रीतल्या वेलीचं, म्हणजे कॉसिनियम फेनेस्ट्रॅटमचं असतं. दोन्ही पिवळे, दोन्ही कडू, आणि खरी पंचाईत अशी की बर्बेरिन दोन्हींत असतं. त्यामुळे एचपीटीएलसीच्या (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या) पट्टीवर बर्बेरिनचा डाग दिसला म्हणजे ओळख पटली, असं होत नाही. खोडाचा आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा: कॉसिनियममध्ये मध्यापासून कडेपर्यंत गेलेले रुंद किरणपट्टे आणि मोठ्या तोंडाच्या वाहिन्या ठळक दिसतात. त्यात हा वेल अतिवृष्टीच्या जंगलातला आणि धोक्यात आलेला, म्हणजे अजाणता घेणंही बरं नव्हे.

म्हणून बाजारातून चुरा घेऊ नका. फुलाफळांसह फांदी मिळेल अशा वेळी वनस्पती गोळा करा, ती दाबून वाळवा, आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. संरक्षित जंगलातून गोळा करायचं तर वनखात्याची परवानगी आधी हवी. परदेशातल्या सहकाऱ्याला नमुना पाठवायचा असेल किंवा पुढे पेटंटचा विचार असेल, तर २००२च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. ते काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

ओळखीचं महत्त्व कोणाला कागदी वाटत असेल, तर गुळवेलीचा वाद आठवावा. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेलंच नाही. मूळ नमुना जपलेला नसला की असा वाद कायमचा लोंबकळत राहतो.

अर्क

सावलीत वाळवा, भरड दळा, वजन लिहा. आधी हेक्झेन, मग इथाइल ॲसिटेट, मग मिथेनॉल, शेवटी पाणी असा चढत्या ध्रुवीयतेचा क्रम ठेवा. सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात तासन्‌तास उकळण्यापेक्षा थंड भिजवण ठेवली तर उष्णतेने मोडणारे रेणू वाचतात. शंभर ग्रॅम चूर्णातून अर्क किती निघाला, हा आकडा ठळक अक्षरांत लिहा. तो पुढे मात्रेच्या हिशेबात लागणार आहे.

टॅनिन काढल्याशिवाय विकरांच्या चाचण्यांना हात लावू नका. टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात आणि अर्क सगळंच अडवतो असा भास होतो. पॉलिअमाइड किंवा पीव्हीपीपीतून अर्क गाळला की निम्मी 'गुणकारी' झाडं यादीतून आपोआप गळतात. शुद्ध रेणूंचंही तसंच आहे. क्वेरसेटिनसारखे रेणू पाण्यात गुठळ्या करून विकराला त्यात अडकवतात. चाचणीत ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घाला. परिणाम नाहीसा झाला तर तो गुठळ्यांचा होता. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो निबंध असूनही ते औषध म्हणून का उभं राहत नाही, याचं एक मोठं कारण चाचणीत असा गोंधळ घालण्याचा त्याचा स्वभाव हे आहे.

पेशींवरची चाचणी: सगळी मेख इथे

स्नायूसाठी रॅटच्या एल६ पेशी, चरबीसाठी ३टी३-एल१, यकृतासाठी हेपजी२. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून त्या मिळतात. एल६ घेतल्या तर त्या आधी २ टक्के हॉर्स सीरममध्ये पाच-सात दिवस ठेवून त्यांच्या लांबट नळ्या होऊ द्या. नळ्या न झालेल्या पेशींत ग्लूट४ नीट तयार झालेलं नसतं, आणि मग तुम्ही नसलेल्या गोष्टीचं मोजमाप करत बसता.

रेझिस्टन्स तयार करायला पामिटेट (एक मेदाम्ल) वापरा. ते चरबीमुक्त अल्ब्युमिनला बांधून, साधारण ०.५ मिलिमोलर, सोळा ते चोवीस तास. नुसत्या अल्ब्युमिनचा गट वेगळा ठेवा. रेणू विरघळवायला लागणारं डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका, आणि सगळ्या गटांत तेवढंच असू द्या.

आता गटांची मांडणी. साध्या पेशी, पामिटेट दिलेल्या पेशी, आणि पामिटेटसोबत तुमचा रेणू दिलेल्या पेशी. या प्रत्येकाच्या दोन जोड्या करा: एक इन्सुलिनशिवाय, एक १०० नॅनोमोलर इन्सुलिन वीस-तीस मिनिटं देऊन. ही जोडी म्हणजे चाचणीचा प्राण. रेणू दिल्यावर इन्सुलिनशिवायही साखर तेवढीच आत जात असेल, तर रेझिस्टन्सचा अडथळा तसाच आहे. रेणूने फक्त मागचं दार उघडलं. दोन जोड्यांतला फरक रुंदावला, तरच इन्सुलिनला दाद वाढली असं म्हणता येतं.

बर्बेरिन इथेच आपल्याला शहाणं करतं. २००६ साली ते एएमपीके हे ऊर्जेवर लक्ष ठेवणारं विकर जागं करतं असं दाखवलं गेलं, आणि २००८ मध्ये त्यामागचं कारण पुढे आलं: ते मायटोकॉन्ड्रियातल्या पहिल्या संकुलाला अडवतं. पेशीची ऊर्जा कमी पडते, म्हणून ती साखर ओढून घेते, इन्सुलिन असो वा नसो. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या औषधाची वाटही याच अंगाने जाते. म्हणून एकेटीवरच्या सेरीन ४७३चं आणि एएमपीकेवरच्या थ्रिओनीन १७२चं फॉस्फोरिलेशन, दोन्ही वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखायच्या चाचणीवर एकत्र बघा. शिवाय माध्यमातलं लॅक्टेट मोजा. साखर आत जाण्याबरोबर लॅक्टेट भराभर वाढत असेल, तर पेशी तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसते आहे, आणि आपण त्याला औषधाचा गुण म्हणतो आहोत.

रंगाची फसवणूकही लक्षात ठेवा. साखरेचं शोषण मोजायला बरेच जण २-एनबीडीजी हे हिरवट चमकणारं द्रव्य वापरतात. बर्बेरिन स्वतःच त्याच्या जवळपासच्या रंगात चमकतं. चमकणारं द्रव्य न घालता फक्त बर्बेरिन दिलेला गट ठेवला नाही, तर रेणूचा उजेड साखरेच्या खात्यात जमा होतो. परवडत असेल तर ट्रिशियम लावलेलं २-डीऑक्सीग्लुकोज वापरा. त्याला तोड नाही. पेशी जिवंत आहेत का हे बघायची एमटीटी चाचणीही अशीच भुलवते. मायटोकॉन्ड्रिया मंदावला की पेशी मेली नसतानाही रंग उतरतो, आणि पॉलिफेनॉल असलेला अर्क पेशी नसलेल्या खाचेतही रंग चढवतो. एलडीएच (फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारं विकर) मोजणारी चाचणी जोडीला ठेवा.

मात्रेला मर्यादा घाला. शुद्ध रेणू १० मायक्रोमोलरपर्यंत, अर्क ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत. त्याच्या दसपट घातल्यावर परिणाम दिसला, तर तो शोध नव्हे.

रेणूपर्यंत पोचणं

इथे धीर लागतो, अक्कल तुलनेने कमी. गुण दाखवणारा अर्क तोडा, प्रत्येक तुकडा पुन्हा त्याच पेशींवर तपासा, गुण जिकडे सरकेल तिकडे जा. पण अर्क तोडायचा कॉलम भरण्याआधी एलसी-एमएस (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी तपासणी) करून त्याचे आलेख जीएनपीएस या ऑनलाइन संग्रहावर टाका. माहीत असलेला रेणू तिथेच ओळखू आला, तर सहा महिने सिलिका जेल धुण्याचे कष्ट वाचतात. तोडता तोडता गुण सगळ्याच तुकड्यांतून नाहीसा झाला, तर दोन-तीन रेणू मिळून काम करत असण्याचा संभव आहे. तुकडे मूळ प्रमाणात परत एकत्र करून पाहा.

उंदरांकडे जाताना

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी ही पहिली गोष्ट. दुसरी, मॉडेलची निवड. स्ट्रेप्टोझोटोसिनची ५०-६० मिग्रॅ प्रति किलोची सुई दिलेला घुशीएवढा पांढरा रॅट हा इन्सुलिन रेझिस्टन्सचा नमुना नाही. त्याच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच मारलेल्या असतात. इन्सुलिनच नाही, तिथे त्याला होणारा विरोध कसला मोजायचा? तरीही स्वस्त आणि झटपट म्हणून हेच मॉडेल सर्रास वापरलं जातं, आणि परीक्षकही विचारत नाहीत. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संस्थेने २००५ मध्ये मांडलेली पद्धत आपल्याकडच्या खिशाला जमण्यासारखी आहे: दोन आठवडे चरबीयुक्त आहार, मग स्ट्रेप्टोझोटोसिनची किलोला ३५ मिग्रॅ अशी कमी मात्रा. नुसता रेझिस्टन्सच पाहायचा असेल तर सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांना ६० टक्के उष्मांक चरबीतून देणारा आहार बारा आठवडे द्या.

मोजायचं काय? उपाशीपोटी इन्सुलिन आणि साखर, आणि इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट: चार-सहा तास उपाशी ठेवून किलोला ०.७५ युनिटच्या आसपास इन्सुलिन द्यायचं आणि साखर किती वेगाने उतरते ते बघायचं. १९८५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये तयार झालेलं होमा-आयआर हे रेझिस्टन्सचा अंदाज देणारं सूत्र सोपं आहे. साखर ९९ मिग्रॅ आणि इन्सुलिन १८ मायक्रोयुनिट असेल तर ९९ गुणिले १८ भागिले ४०५, म्हणजे ४.४. पण ते सूत्र माणसांसाठी बसवलेलं. उंदरांत ते गटागटांच्या तुलनेपुरतंच वापरा. कसोटीचं माप अजूनही क्लॅम्पच (इन्सुलिन सतत देत साखर स्थिर ठेवायला किती ग्लुकोज लागतं ते मोजणं), जे डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये रूढ केलं.

रोजचं खाणं तोलायला विसरू नका. बर्बेरिनसारख्या कडू द्रव्याने प्राणी कमी खातो, वजन उतरतं, आणि वजन उतरलं की रेझिस्टन्स आपोआप उतरतो. औषध घेणाऱ्या गटाने काल जेवढं खाल्लं तेवढंच आज देण्याचा एक तुलनागट ठेवा. हा गट नसलेल्या निबंधातल्या दाव्यावर मी तरी विश्वास टाकत नाही.

मात्रेचा हिशेब याच वेळी करून टाका. रॅटला किलोमागे ४०० मिग्रॅ अर्क दिलात. रॅटची मात्रा माणसाच्या हिशेबात आणायला ६.२ ने भागा: साधारण ६४.५ मिग्रॅ प्रति किलो. साठ किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम अर्क. चूर्णातून ८ टक्के अर्क निघत असेल, तर ही झाली रोज ४८ ग्रॅम चूर्णाची मात्रा. कोण घेणार?

माणसापर्यंत

पेशींवर बर्बेरिन १० मायक्रोमोलरला काम करतं, म्हणजे मिलिलिटरमागे जवळपास ३,४०० नॅनोग्रॅम. तोंडावाटे घेतल्यावर रक्तात ते जेमतेम एखाद-दुसऱ्या नॅनोग्रॅमच्या घरात सापडतं. प्राण्यांत त्याची जैवउपलब्धता एक टक्क्याहून कमी भरली आहे. तरीही परिणाम दिसतो. शांघायमधून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्याने मधुमेह आढळलेल्या ३६ जणांना तीन महिने ५०० मिग्रॅ बर्बेरिन किंवा मेटफॉर्मिन दिवसातून तीनदा दिलं. बर्बेरिनच्या गटात एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) ९.५ टक्क्यांवरून ७.५ वर आलं. म्हणजे रेणू रक्तात नसेल तर तो कुठे काम करतोय, हा प्रश्न उभा राहतो. आतड्यातले जिवाणू त्याचं डायहायड्रोबर्बेरिन करतात, ते जास्त शोषलं जातं. यकृतात तो रक्तापेक्षा जास्त साठतो. तुमच्या रेणूसाठीही रक्त, यकृत आणि विष्ठा तिन्ही तपासा, नाहीतर पेशींवरच्या निष्कर्षाला बुड राहत नाही.

त्याच अभ्यासात सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पोटाचे त्रास झाले. बर्बेरिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या सीवायपी विकरांना अडवून सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांची रक्तातली पातळी वाढवतं, आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे, कारण नवजात बाळाची कावीळ बळावू शकते. तुमच्या रेणूची ही बाजू शेवटी नव्हे, प्राण्यांच्या टप्प्यावरच बघायची. मेटफॉर्मिनचा पूर्वज गॅलेजिन युरोपातल्या गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतला. साखर उतरवायचा, पण विषारी होता. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालेला त्याचा नातलग १९५७ मध्ये जाँ स्टर्न यांनी रुग्णांसाठी पुढे आणला, तेव्हा कुठे औषध झालं. थायाझोलिडीनडायोन गटातलं ट्रोग्लिटॅझोन खरोखर रेझिस्टन्सवर चालायचं, तरी यकृत निकामी होऊ लागल्याने २००० मध्ये अमेरिकेतल्या बाजारातून काढून घ्यावं लागलं.

सगळं पार पडून हातात काही उरलं, तर भारतात पुढे दोन रस्ते आहेत. एकच शुद्ध रेणू असेल तर नव्या औषधाचा संपूर्ण खर्चिक मार्ग. अनेक रेणू मिळून काम करत असतील, तर २०१५च्या नियमांनी 'फायटोफार्मास्युटिकल' हा वर्ग उघडला आहे: शुद्ध केलेला, प्रमाणित अंश, ज्यात किमान चार रेणू मोजून दाखवावे लागतात. विद्यापीठातल्या गटांनी मला वाटतं दुसरा रस्ता आधी अजमावावा. दोन्हींत माणसांवरची चाचणी सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवावी लागते, आणि परीक्षक पहिल्यांदा मागतात तो हर्बेरियमचा नमुना क्रमांक आणि अर्काच्या प्रत्येक खेपेचा एचपीएलसी आलेख.